वेळेअभावी

कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरी ओळ माझी होती:
आभारप्रदर्शन, दोन मिनिटं, सौ. शुलामिथ ओहोळ.
पण बर्मिंगहॅमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली,
कॉव्हेंट्रीचा कोच हॉर्न वाजवू लागला,
आणि माईक माझ्या हाती आला तेव्हा
निम्मं सभागृह कोटाच्या बाह्या शोधत होतं.
"सगळ्यांचे आभार," म्हणाले.
बसले.

सगळे म्हणजे कोण?
आज सोमवार. डर्बीत पाऊस नाही, नुसतं ओलं आहे.
कागद अजून पर्समध्ये आहे, घडी न मोडलेला.
तर मंडळी,
हा शब्द आपल्याकडे चर्चलाही चालतो, पंगतीलाही,
आणि माझे सासरे तर सासूबाईंनाही हाच वापरायचे,
तर मंडळी, बसा जरा. कोच गेलाय.

एकशेवीस येणार होते. एकशे चौऱ्याऐंशी आले.
रत्नाकर साळव्यांनी वर आभाळाकडे नाही,
खाली पातेल्याकडे पाहिलं
आणि म्हणाले, "वरणात पाणी वाढवा."
एवढी नेमकी प्रार्थना
त्या दिवशी मी दुसरी ऐकली नाही.

रूबेनचे आभार. तो दोन वर्षं उपासनेला येत नाही
आणि का, ते आईलाही सांगत नाही.
पिवळं जाकीट घालून सकाळी सातपासून
कार पार्कात उभा होता,
लेस्टरच्या गाड्यांना हात करत.
आत ये, म्हटलं.
"इथं बरंय," म्हणाला.
मी चहा बाहेर नेला. थोडा वेळ उभी राहिले.
खरंच बरं होतं तिथं.

लिऑनीताई आणि यमुनाबाई, सख्ख्या जावा,
चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. कारण
सगळ्या डर्बीला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.
दोघींच्या वाट्याला एकच टेबल आलं, वीस किलो कांदा.
चूक माझी. यादी मी रात्री एक वाजता केली होती.
त्या बोलल्या नाहीत.
पण धार असलेली सुरी एकच होती,
आणि ती इकडून तिकडे जाताना, दर वेळी,
मूठ पुढे होती, पातं स्वतःकडे.
डोळे दोघींचे वाहत होते.
कांदा होता, असंच आपण म्हणू.

ज्यांनी पाहुण्यांना पलंग दिला
आणि स्वतः सोफ्यावर पाय मुडपून झोपले,
ज्यांच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी
अनोळखी माणसाचं इन्सुलिन
दोन रात्री नावाच्या चिठ्ठीसकट सुरक्षित राहिलं,
त्यांचेही.

आणि चॅपलचे मिस्टर पिकरिंग.
पहाटे साडेपाचला त्यांनी बॉयलर पेटवला,
दुपारी तळघरातला तुंबलेला संडास
शीळ घालत मोकळा केला,
आणि आपल्या शेवटच्या गीताला,
एक अक्षर न कळता,
टोपी काढून दाराशी उभे राहिले.
मी "थँक यू" म्हटलं. हलकं वाटलं, फार हलकं.
आपल्या आभारात निदान भार तरी असतो.

कुणीतरी राहिलंच असेल. अशा यादीत एक जण सुटतोच,
आणि तोच पुढच्या वर्षी खुर्च्या मांडायला
सगळ्यात आधी येतो, हेही मी पाहिलंय.

हां, एक डाव उरलाय.
वरणाचा, पितळी, दांड्याला किंचित बाक.
त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय:
सौ. शां. य. भांबळ, संगमनेर, १९६८.
भांबळ नावाचं आपल्यात कुणी नाही.
कालपासून फोन करतेय. नॉटिंगहॅमलाही विचारलं.
शांताबाई असतील, किंवा शांतवनबाई.
बहुधा आता नसतील.
शनिवारी मात्र एकशे चौऱ्याऐंशी ताटांवर
त्यांचं नाव वाकून गेलं.

चिंच लावून घासून ठेवलाय,
खिडकीत, रस्त्यावरून दिसेल असा.
ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा.
सहानंतर मी घरीच असते.